डबा, सहाण आणि लंगोट

सातवा महिना लागला आणि मी पुण्याहून सांगलीला माहेरी आले. सोबत दोन बॅगा, लॅपटॉप आणि एक डबा. डबा प्रीबायोटिक पावडरीचा, खास गरोदर बायकांसाठी म्हणून विकला जाणारा. आत्याही त्याच आठवड्यात आलेली. आत्या म्हणजे एकतीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी आसपासच्या गावांतल्या बायका तिला अजून 'सिस्टर' म्हणूनच हाक मारतात. मी एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत फूड टेक्नॉलॉजिस्ट. ओट्यावरच्या त्या डब्यावरून आमचं जे सुरू झालं, ते आई दोनदा मध्ये पडली तरी रात्रीच्या जेवणापर्यंत चाललं. त्यातलं जेवढं आठवतंय तेवढं इथे मांडते. माझी बाजू लिहिताना मी थोडी नीटनेटकी केली आहे. तिची तशीच ठेवली आहे, तिला गरज नव्हती.

सुरुवात झाली तेव्हा ती फडक्याची गाठ सोडून मटकी परातीत पसरत होती. मोड नखाएवढे लांब आले होते.

आत्या : केवढ्याला पडला हा?

मी : चौदाशे.

आत्या : (चष्मा कपाळावर सरकवून, डबा डोळ्यांजवळ नेत) 'इन्युलिन, फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड.' आता मराठीत सांग.

मी : दही लावताना विरजण लागतं आणि दूध लागतं, बरोबर? विरजणातले जिवाणू म्हणजे प्रोबायोटिक. ते जिवाणू ज्यावर जगतात, ते प्रीबायोटिक. आपल्याला ते पचत नाही. लहान आतड्यातून जसंच्या तसं पुढे जातं आणि मोठ्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंच्या तोंडी पडतं. गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड या दोघांनी १९९५ मध्ये हा शब्द काढला. २०१७ मध्ये तज्ज्ञांनी व्याख्या आणखी आवळली. ठरावीक जिवाणूंनीच ते वापरलं पाहिजे आणि त्यातून माणसाच्या तब्येतीला फायदा झालेला दिसला पाहिजे.

आत्या : म्हणजे पोटात न पचणारं सगळंच त्यात येत नाही.

मी : नाही. सगळा चोथा म्हणजे प्रीबायोटिक नव्हे.

आत्या : आणि हे इन्युलिन येतं कशातून?

मी : कारखान्यात बहुतेक चिकोरीच्या मुळातून काढतात. घरात म्हणशील तर कांद्यात, लसणात, गव्हात त्याच जातीच्या साखळ्या असतात. मटकी, हरभरा, चवळीत दुसऱ्या जातीच्या, रॅफिनोज आणि स्टॅकिओज.

आत्या : ज्यांनी पोट गुडगुडतं त्या.

मी : त्याच. गॅस झाला म्हणजे आतले पाहुणे जेवले.

आत्या : म्हणून तर मोड आणायचे. मोड आलेली उसळ कमी बाधते.

मी : कारण उगवताना मटकी त्यातल्या काही साखरा स्वतःच खाते.

आत्या : बघ, मटकीलाही आधी स्वतःचं पोट आहे. मग पाहुण्यांना जेवायला घालायचं असेल तर या परातीत काय कमी आहे? चौदाशे रुपये कशाचे?

मी : सोयीचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सांगितलंय, मोठ्या माणसाच्या जेवणातून रोज निदान २५ ग्रॅम तंतू जायला हवेत. माझं दुपारचं जेवण कॅन्टीनमध्ये. मैद्याची रोटी, पनीर आणि काकडीच्या दोन चकत्या. त्यात हा महिना. गरोदरपणातल्या संप्रेरकांनी आतडी आधीच सुस्तावलेली, वर लोहाच्या गोळ्या. मला चार-चार दिवस शौचाला होत नव्हतं, आत्या. डब्यानं फरक पडला. तुला हसायला काय जातं?

ती हसली नाही. मटकीतला एक दगडासारखा टणक दाणा वेचून तिनं बाजूला टाकला.

आत्या : हसत नाहीये. गृहभेटीला गेलं की मी गोळ्यांच्या पट्ट्या मोजायचे. साठ मिलिग्रॅम लोह, सोबत फॉलिक ॲसिड, चौथ्या महिन्यापासून एकशे ऐंशी दिवस. कागदावर सगळ्यांना वाटलेल्या. घरी जाऊन बघितलं तर पट्ट्या फडताळात, गादीखाली, एकीच्या तर देवघरात. का घेतली नाहीस विचारलं की मान खाली. मग हळूच, 'सिस्टर, खडा होतो.' इथे निम्म्या गरोदर बायकांत रक्त कमी.

मी : ५२ टक्के. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला देशाचा आकडा.

आत्या : आणि शौचाला त्रास होतो म्हणून गोळी बंद. त्यांना मी काय सांगायचे? पाणी वाढव, भाकरी खा, पालेभाजी खा. आता वाटतं, नुसतं 'खा' म्हणणं सोपं होतं. तेव्हा एवढाच विचार केला असता की हिचं पोट साफ झालं तरच माझी गोळी पोटात जाणार, तर बरं झालं असतं. एवढं तुझं मान्य.

मी : मग डबा पास?

आत्या : थांब. एका चमच्यात किती ग्रॅम?

मी : पाच.

आत्या : आणि लागतं किती?

इथे मी अडकले, कारण उत्तर मला माहीत होतं. चिकोरीच्या इन्युलिननं शौच नियमित होतं हा दावा युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनं २०१५ मध्ये मान्य केला, पण रोज बारा ग्रॅम घेतलं तर. माझ्या डब्यावर चमचा एकच लिहिला होता.

आत्या : म्हणजे बाकीचं सात ग्रॅमचं काम कुणी केलं? इथे आल्यापासून आई तुला दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी वाढतेय, तिनं?

मी : पुण्यातही फरक पडला होता.

आत्या : पडला असेल. आता हे सांग. डब्यावर पोट साफ होण्याबद्दल एक ओळ आहे आणि बाळाबद्दल चार. 'बाळाच्या प्रतिकारशक्तीचा पाया.' हे कुणी सिद्ध केलं?

मी : पायाच म्हणता येणार नाही. पण आईच्या पोटातली जिवाणूंची वस्ती गरोदरपणात बदलते, हे खरं आहे. फिनलंडमधल्या ९१ बायकांच्या नमुन्यांत पहिल्या आणि शेवटच्या तिमाहीत मोठा फरक दिसला होता, २०१२ मध्ये. त्यावरून कल्पना निघाली की ही वस्ती सुधारली तर गरोदरपणातला मधुमेह टळेल, बाळाची ॲलर्जी टळेल.

आत्या : टळली का?

मी : मधुमेहासाठी प्रोबायोटिक देऊन पाहिलं. तसे सगळे प्रयोग कॉक्रेन या संस्थेच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये एकत्र तपासले. मधुमेह टळतो असं म्हणण्याजोगं काही हाती लागलं नाही. उलट प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका वाढलेला दिसला.

आत्या : (हात थांबवून) बीपी वाढून झटके आलेली बाई मी जीपमध्ये मांडीवर डोकं घेऊन मिरजेपर्यंत नेली आहे. आणि हे लोक ते जिवाणू कॅप्सूलमध्ये घालून विकतात?

मी : ते प्रोबायोटिक, आत्या. विरजण. माझ्या डब्यात फक्त जिवाणूंचं खाणं आहे. एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी नको.

आत्या : नको. पण मग एकाचं पुण्यही दुसऱ्याच्या नावावर नको. ॲलर्जीचं काय?

मी : जागतिक ॲलर्जी संघटनेनं २०१६ मध्ये सगळा पुरावा पाहिला आणि गरोदर बायकांनी प्रीबायोटिक घ्यावं की घेऊ नये, यावर काहीच शिफारस केली नाही.

आत्या : एवढे मोठे डॉक्टर गप्प बसले आणि डबा बोलतोय.

आईनं चहा आणला. मी विषय बाळंतपणाकडे वळवला, कारण माझी खरी काळजी तिथे होती. सोनोग्राफीत वार खाली दिसली होती. वर सरकली नाही तर सिझेरियन. आणि सिझरचं बाळ आईचे जिवाणू न घेताच जन्मतं, हे वाचून मी दोन रात्री झोपले नव्हते.

मी : परदेशात काही जणी बाळाच्या तोंडाला, अंगाला आईच्या योनिमार्गातला स्राव कापसानं पुसून लावतात. म्हणजे राहिलेलं विरजण मिळतं.

आत्या : काय करतात?

मी : खरंच करतात. पण अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं संशोधनाबाहेर करू नका असं सांगितलंय.

आत्या : चांगलं सांगितलं. आईला जंतुसंसर्ग असला तर तो हातानं बाळाच्या तोंडात घालायचा? आमच्या वेळी बाळाचे डोळे पुसायला निर्जंतुक बोळा, तोही डोळ्याला एक.

मी : पण फरक पडतो ना? ब्रिटनमध्ये ५९६ बाळांचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापून आला. सिझरच्या बाळांच्या पोटात आईच्या आतड्यातले नेहमीचे जिवाणू कमी आणि दवाखान्यातले जास्त.

आत्या : आणि पुढे? ती बाळं मोठी झाल्यावर?

मी : सहा ते नऊ महिन्यांपर्यंत बराचसा फरक भरून आला होता. एक जिवाणूगट काही बाळांत मागेच राहिला.

आत्या : मग दोन रात्री का जागलीस? वार खाली असताना कळा यायची वाट बघणं म्हणजे रक्तस्राव. तिथे सिझर हा जीव वाचवणारा मार्ग आहे. त्यात अपराध कसला? देशात पाचात एक बाळंतपण तसं होतं. खासगी दवाखान्यांत जवळजवळ निम्मी, त्यांच्याशी मी वेगळं भांडेन. पण ज्या बाईला गरज आहे तिच्या मनात कुणी हे भरवू नये की तुझं बाळ अपुरं जन्मलं. ऑपरेशनमधून बाहेर आलीस की नर्सच्या मागे लाग. बाळ छातीशी लाव म्हणावं, पहिल्या तासात. तिथे खरी चुकामूक होते.

मी : पहिल्या तासात दूध मिळणारी बाळं देशात ४२ टक्के.

आत्या : आणि उरलेल्यांच्या चिकाचं काय झालं ते मी पाहिलंय. पिवळं, घट्ट, 'खराब दूध' म्हणून पदरात पिळून टाकलेलं. सासू शेजारी उभी. मी सांगायचे, पहिली लस आहे ही.

मी : लस तर आहेच. पण त्यात आणखी काहीतरी आहे, जे तू सांगत नव्हतीस.

आता माझी पाळी होती. मी परात बाजूला सारली.

मी : आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर सगळ्यात जास्त घन पदार्थ कोणता? प्रथिनं नाहीत. छोट्या साखळ्यांच्या साखरा. दीडशेहून जास्त प्रकारच्या. पुढच्या दुधात लिटरला पाच ते पंधरा ग्रॅम, आणि तू सांगतेस त्या पिवळ्या चिकात वीस ग्रॅमच्याही वर. गाईच्या दुधात त्या नावालाच. आणि गंमत म्हणजे बाळाला यातली एकही साखर पचत नाही.

आत्या : पचत नाही? मग आईचं शरीर एवढ्या कष्टानं ती करतं कशाला? बाळंतिणीच्या हाडातलं चुनखडं निघतं दूध देताना.

मी : बाळासाठी नाहीच ती. बायफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस नावाचा जिवाणू आहे, त्याच्यासाठी. या साखरा तोडायचे विकर त्याच्याजवळ आहेत, बाकीच्या बऱ्याच जंतूंजवळ नाहीत. आई बाळाला पाजताना एक ताट त्याच्यासाठीही वाढते. तो ते खातो, त्यातून लॅक्टिक आणि ॲसेटिक ॲसिड तयार करतो. म्हणजे ताकातलं आंबट आणि व्हिनेगरमधलं आंबट. त्या आंबटात जुलाबाच्या जंतूंना पाय रोवता येत नाहीत.

आत्या काही वेळ बोलली नाही. मग तिनं विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं.

आत्या : शीला आंबूस वास येतो तो याचाच?

मी : कुणाच्या शीला?

आत्या : अंगावर पिणाऱ्या बाळाच्या. मोहरी वाटल्यासारखी पिवळी, पातळ, आणि वास घाण नाही, ताकासारखा. वरच्या दुधावरच्या बाळाची घट्ट, फिकी आणि वासाची. घरात गेलं की मी आधी लंगोट मागायचे. आई म्हणायची, 'नाही हो सिस्टर, फक्त अंगावरचंच देतो.' लंगोट सांगायचा की बाई, वाटी-चमचा चालू आहे. एकतीस वर्षं मी त्या वासावर विश्वास ठेवला, पण तो वास का येतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मी : पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हेन्री टिसिए नावाच्या माणसानं १९०० च्या सुमाराला हेच केलं होतं. अंगावर पिणाऱ्या बाळांची शी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली आणि हे फाटे फुटलेले जिवाणू पहिल्यांदा ओळखले.

आत्या : म्हणजे तोही लंगोटच तपासत होता.

संध्याकाळी आईनं माझ्या लहानपणची पेटी उघडली. टोपडी, दुपटी, आणि एका फडक्यात गुंडाळलेली सहाण, मधोमध घासून खोलगट झालेली. पुडीत घुटीसाठीचे हिरडा, वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हळकुंड, खारीक, बदाम. मला भरून आलं. मी म्हटलं, हेच तर आपलं पारंपरिक प्रीबायोटिक. सहाण मी बॅगेत ठेवणार, एवढ्यात आत्यानं हात धरला.

आत्या : सहा महिन्यांच्या आत नाही.

मी : तू? मला वाटलं डब्यापेक्षा तुला हे जवळचं.

आत्या : का? जुनं आहे म्हणून? या सहाणेवरून हात फिरव. हा खड्डा. त्यात कालच्या घुटीचा ओशट थर असतो, तो पाण्यानं निघत नाही. त्यावर पेल्यातलं पाणी, आजीचा हात. वेखंडाचा वेढा एक म्हणता दोन झाला की बाळ ओकतं. पावसाळ्यात जुलाबानं सुकलेलं लेकरू आणायचे आणि विचारलं की म्हणायचे, 'काही दिलं नाही, फक्त घुटी.' आणि वर मध!

मी : मधाचं मात्र तू म्हणतेस त्याच्याही पुढचं आहे. मधात कधी कधी बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू असतात. आपण खाल्ले तर काही होत नाही, आपल्या आतड्यातली वस्ती दाट असते, त्यांना जागा देत नाही. बाळाची वस्ती अजून बसत असते. तिथे ते रुजतात आणि विष तयार करतात. अंग लुळं पडतं, श्वास अडकतो. बाळांमधला हा आजार १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात पहिल्यांदा ओळखला गेला. एक वर्षापर्यंत मध नको.

आत्या : मग तुझंच शास्त्र सांगतंय की वस्ती बसतेय तोवर मध्ये कुणी घुसू नये. आणि तूच सहाण उचलत होतीस.

मी : ठीक. पण मग तुझाही नियम तपासू. सहा महिने दुधाशिवाय काहीच नाही, थेंबभरही नाही. बरोबर?

आत्या : औषध आणि लस सोडून.

मी : ओडिशातल्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर प्रयोग झाला. सगळी अंगावर पिणारी. निम्म्यांना सात दिवस एक लॅक्टोबॅसिलस जिवाणू दिला, सोबत त्याचं खाणं, फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड. डब्यावर आहे तेच नाव. निम्म्यांना नुसती बनावट पूड. दोन महिने लक्ष ठेवलं. जंतुसंसर्ग किंवा मृत्यू, दुसऱ्या गटात ९ टक्के, पहिल्यात ५.४. फायदा इतका स्पष्ट होता की प्रयोग ठरल्यापेक्षा आधीच थांबवला. २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये आला.

आत्यानं आकडा परत विचारला. मी परत सांगितला. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं, आणि तिचा चेहरा बदलला.

आत्या : शंभरातली तीन-चार बाळं. माझ्या एका उपकेंद्रात वर्षाला शंभरेक बाळंतपणं व्हायची. म्हणजे दरवर्षी तीन-चार.

मी : मग दुधाशिवाय काहीच नाही, हे तू अजून म्हणशील?

आत्या : (बऱ्याच वेळानं) म्हणेन. पण कारण बदलेन. आधी म्हणायचे, वरचं सगळं वाईट. आता म्हणेन, वरचं काही द्यायचं तर ते इतकं तावून-सुलाखून यावं. कोणता जिवाणू, किती, किती दिवस, किती वजनाच्या बाळाला, हे ठरलेलं. तू सांगतेस ती बाळं किती वजनाची होती?

मी : दोन किलोच्या वरची. अगदी कमी दिवसांची घेतली नव्हती. आणि ते बरोबरच होतं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं इशारा दिला. अगदी अपुऱ्या दिवसांच्या एका बाळाला दवाखान्यात प्रोबायोटिक दिलं, त्याच जिवाणूचा संसर्ग रक्तात झाला आणि ते दगावलं.

आत्या : मग ते दुकानाच्या फळीवरून यायची वस्तू नाही. ते लसीसारखं यावं, शीतपेटीतून, नोंदवहीत लिहून, माझ्यासारखीच्या हातानं. तसं आलं असतं तर मी पहिली दिली असती.

मी : आणि जिला दूधच येत नाही तिचं काय? तिला तू काय सांगशील?

हा प्रश्न मी माझ्या एका मैत्रिणीसाठी विचारला होता. तिचं बाळ अतिदक्षता विभागात होतं, दूध आटलं, आणि घरच्यांनी तिला वर्षभर ऐकवलं.

आत्या : तिला मी काही ऐकवणार नाही. आधी दूध काढून वाटी-चमच्यानं पाजता येतं का बघेन. नाहीच जमलं तर डॉक्टर सांगतील ती पावडर, उकळलेलं पाणी, बरोबर माप. तुझ्या त्या साखरा पावडरीत घालतात म्हणे आता?

मी : काही साखरा, हो. दीडशेतल्या एक-दोन ते पाच-सहा. काही पावडरींत गाईच्या दुधापासून केलेल्या साखळ्या. त्यानं शी मऊ होते. आणि ॲलर्जी संघटना इथे मात्र बोलली होती. पूर्ण अंगावर नसलेल्या बाळांना प्रीबायोटिक द्यायला हरकत नाही, पण पुरावा कच्चा आहे. पूर्ण अंगावर पिणाऱ्यांना नको.

आत्या : कारण त्यांच्या ताटात आधीच वाढलेलं आहे. बरोबर. पण त्या पावडरीची जाहिरात दवाखान्याच्या भिंतीवर नको. १९९२ च्या कायद्यानं ती बंद आहे, २००३ मध्ये कायदा आणखी कडक झाला. गरजेला घ्यावं, भुलून घेऊ नये.

रात्री मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा आणि ताक. मी दोनदा वाढून घेतलं. जेवताना आत्यानं डबा पुन्हा उचलला आणि अगदी तळाची बारीक ओळ मोठ्यानं वाचली, 'संतुलित आहारासोबत घ्यावे.' म्हणाली, "बघ, हेही माझ्याच बाजूचे निघाले." तरी डबा तिनं टाकू दिला नाही. पुण्याला परत गेल्यावर, कॅन्टीनच्या दिवसांत, गोळी बंद करायची वेळ आली तर घे म्हणाली. पण आधी डॉक्टरांना दाखव, आणि एकदम तीन चमचे नको, पोट फुगेल.

झोपण्याआधी तिनं माझी दवाखान्याची बॅग भरून दिली. सहाण बाहेर काढून आईकडे दिली, उष्टावणानंतर बघू म्हणून. तिच्या जागी जुन्या सुती साडीचे फाडून शिवलेले डझनभर लंगोट घड्या करून ठेवले.

"आत्या, डायपर घेतलेत मी. दोन पाकिटं."

"असू देत. पहिले काही दिवस हे वापर," ती म्हणाली. "डायपरातून वास येत नाही."